वाटेत उतरलेलं विमान

परवा सांगलीहून वहिनीचा फोन आला. पुतण्याला अमेरिकेत ॲडमिशन मिळाली आहे, तिकीट काढायचं आहे, आणि घरात विमानातलं कळणारा माणूस म्हणून माझी (उगाचच) ख्याती आहे. मला वाटलं, सामान किती किलो नेता येतं वगैरे विचारेल. तर ती म्हणाली, "भाऊजी, ते विमान दोनच इंजिनांचं आहे म्हणे. एवढा समुद्र ओलांडायचा आणि इंजिनं दोनच? चार इंजिनांचं नाही का मिळत एखादं?"

जून २०२५ मध्ये अहमदाबादला जे झालं, त्यानंतर हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला असेल. त्या अपघातात विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसं गेली. पण तिथे एक इंजिन बंद पडण्याचा प्रकार नव्हता. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच 'बंद' स्थितीत गेले, असं प्राथमिक अहवालात नोंदलेलं आहे. तो विषय वेगळा आणि फार दुःखाचा आहे, त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. वहिनीचा प्रश्न साधा होता. आकाशात, समुद्रावर, दोनातलं एक इंजिन बंद पडलं तर काय?

मी तिला समजवायला सुरुवात केली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण तुमचंच विमान नव्हतं का मध्येच उतरलं? अण्णांच्या वेळी?"

मी गप्प झालो. कारण खरं आहे ते. उतरलं होतं.

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. वडील लवकर गेले, आम्हा दोघा भावांना अण्णांनीच वाढवलं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले तेव्हा मी लंडनमध्ये नोकरीला होतो. भावाने फोनवर सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत थांबतो. ये." मिळेल ते तिकीट काढून मी मुंबईच्या विमानात बसलो. निघून तीनेक तास झाले असतील, आणि आवाज बदलला. म्हणजे मोठा नाही झाला, कमी झाला. एखाद्या घरात सतत चालू असलेला पंखा बंद झाल्यावर जसं एकदम जाणवतं, तसं. थोड्या वेळाने कॅप्टनने सांगितलं की एका इंजिनातलं तेल कमी होत चाललं होतं, म्हणून ते बंद केलं आहे, आणि आपण बुखारेस्टला उतरतो आहोत.

उतरलो. धावपट्टीच्या कडेला अग्निशमनाच्या गाड्या दिवे लावून उभ्या होत्या, त्यांचा काही उपयोग करावा लागला नाही. पुढे सोळा तास तिथेच. आणि आता जे सांगतो ते सांगायला मला अजूनही लाज वाटते. मी तिथे एका मुलीवर ओरडलो. विमानातल्या कर्मचाऱ्यांपैकीच होती, पंचविशीची असेल. "दुसरं इंजिन चालू होतं ना? मग मुंबईला का नेलं नाही? पाच-सहा तासांचा तर प्रश्न होता!" ती "सॉरी सर" म्हणत राहिली. माझ्यामागे आणखी चारपाच जणांनी सूर धरला, तसा मला जोर चढला.

मी सांगलीला पोचलो तेव्हा सगळं आटोपून माणसं घरी परतली होती.

असो. त्या प्रवासानंतर हा विषय माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. जे मिळेल ते वाचत गेलो. आणि "मुंबईला का नेलं नाही?" या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला हळूहळू मिळालं.

आधी वर काय होतं ते सांगतो. दोनातलं एक इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. धावपट्टीवर एका ठराविक वेगापुढे इंजिन गेलं तरी उरलेल्या एकावर उड्डाण पुरं करता आलं पाहिजे, ही तर प्रवासी विमानाला परवाना मिळण्याचीच अट आहे. वर असताना एक इंजिन गेलं की जोर एकाच बाजूने लागतो आणि विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळू पाहतं. वैमानिक शेपटीवरच्या सुकाणूने ते सरळ धरतात. काही विमानांत हे काम बरंचसं आपोआप होतं. दुसरी गोष्ट म्हणजे उंची. ३५-३७ हजार फुटांवरच्या विरळ हवेत एक इंजिन विमानाला तोलून धरू शकत नाही. म्हणून विमान सावकाश, ठरवलेल्या वेगाने, खाली घसरत येतं आणि वजनाप्रमाणे साधारण २०-२५ हजार फुटांवर स्थिरावतं. तिथे हवा दाट, वेग कमी, त्यामुळे इंधन जास्त लागतं. म्हणून किती इंधन लागेल हा हिशोब विमान सुटायच्या आधीच झालेला असतो.

सगळ्यात मोठा हिशोब मात्र नकाशावर होतो.

१९५३ मध्ये अमेरिकेने नियम केला की दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने जवळच्या विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. हा वेळ एका इंजिनावरच्या वेगाने मोजायचा. तेव्हाची पिस्टन इंजिनं वरचेवर बंद पडत, त्यामुळे नियम योग्यच होता. जेट इंजिनं आली, ती कितीतरी भरवशाची निघाली, तरी नियम तसाच राहिला. १९८५ मध्ये ती मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढवायची वाट मोकळी झाली आणि टीडब्ल्यूए कंपनीची दोन इंजिनांची बोइंग ७६७ विमानं अटलांटिक ओलांडू लागली. १९८८ मध्ये मर्यादा १८० मिनिटांवर गेली. १९९५ मध्ये आलेल्या बोइंग ७७७ ला तर पहिल्या दिवसापासून १८० मिनिटं मिळाली. २०१४ मध्ये बोइंग ७८७ ला ३३० आणि एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांची परवानगी मिळाली. सहा तासांहून जास्त, एका इंजिनावर!

या सगळ्या नियमावलीला ईटॉप्स म्हणतात. (वैमानिक लोक गमतीने त्याचा अर्थ लावतात: एकतर इंजिनं फिरतील, नाहीतर प्रवासी पोहतील!) पण ही परवानगी फुकट मिळत नाही. १८० मिनिटांसाठीची अट अशी की इंजिन हवेत बंद करावं लागण्याचं प्रमाण ५० हजार तासांत एकदा, याच्या आसपास किंवा त्याहून कमी असलं पाहिजे. रोज दहा तास चालणारं इंजिन धरलं तर तेरा-चौदा वर्षांत एकदा. शिवाय प्रत्येक उड्डाणाआधी वाटेतले विमानतळ ठरवायचे, त्या त्या वेळेला तिथलं हवामान कसं असेल ते बघायचं, आणि कोणत्या बिंदूनंतर मागे वळण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं हे नकाशावर मांडून ठेवायचं. आइसलंडचं केफ्लाविक, कॅनडातलं गूज बे, अलास्कातलं कोल्ड बे, असोर बेटांवरचं लाजेश... आपण ही नावं कधी ऐकलेलीही नसतात. पण रात्री आपण जेवून पांघरूण ओढून झोपतो तेव्हा समोर बसलेल्या दोन माणसांच्या कागदावर ती असतात.

आणि तो कागद कधीतरी खरोखर उपयोगी पडतो. १७ मार्च २००३ ला युनायटेड एअरलाइन्सचं एक ७७७ ऑकलंडहून लॉस एंजेलिसला चाललं होतं. प्रशांत महासागरावर एक इंजिन बंद करावं लागलं. उरलेल्या एकावर ते विमान १७७ मिनिटं उडत राहिलं आणि हवाईमधल्या कोना इथे सुखरूप उतरलं. २५५ प्रवासी होते. जवळजवळ तीन तास, खाली नुसतं पाणी!

आपल्याकडचं उदाहरण तर तुम्हाला आठवत असेल. ६ जून २०२३ ला एअर इंडियाचं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं ७७७ एका इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगादानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. मगादान म्हणजे जगाचं टोक. विमानतळ लहान, भाषेची अडचण, लोकांना जमिनीवर गाद्या टाकून झोपावं लागलं. मुंबईहून दुसरं विमान पाठवलं गेलं आणि ८ जूनला मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. त्या दोन दिवसांत आपल्या वाहिन्यांनी काय दाखवलं? गाद्या दाखवल्या, जेवण दाखवलं, हाल दाखवले. हाल झालेच, ते नाकारत नाही. म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती. पण एका इंजिनात बिघाड झालेलं अवजड विमान दूर सायबेरियाच्या किनाऱ्यावर, आधीच ठरवून ठेवलेल्या पद्धतीप्रमाणे, एकालाही खरचटू न देता खाली आलं, हे फारसं कोणी सांगितलं नाही.

आता वहिनीच्या मुद्द्याकडे. दोनापेक्षा चार बरी नाहीत का? ऐकायला पटतं. पण २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं चार इंजिनांचं ७४७ जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि काही मिनिटांत चारही इंजिनं बंद पडली. (नशिबाने खाली आल्यावर ती पुन्हा चालू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं.) राखेला इंजिनांची संख्या मोजता येत नाही. एकाला जे झालं तेच चौघांना झालं.

त्याहून बोलकी गोष्ट ५ मे १९८३ ची. ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं विमान मायामीहून बहामातल्या नासाऊला चाललं होतं. आदल्या रात्रीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांत तेलातले धातूचे कण टिपणारा एक छोटा भाग बदलला होता. तो बसवताना रबराची बारीक कडी, म्हणजे ओ-रिंग, घालायची राहिली. एका इंजिनात नव्हे, तिन्ही इंजिनांत. तिन्हींतून तेल गळलं. आधी एक बंद केलं, मग उरलेली दोन बंद पडली. विमान ४ हजार फुटांपर्यंत खाली आल्यावर पहिलं बंद केलेलं इंजिन कसंबसं चालू झालं आणि १७२ माणसं वाचली. तीन इंजिनांचा उपयोग काय झाला? चूक एकच होती, ती तीनदा केली गेली.

अशाच अनुभवांतून ईटॉप्समध्ये एक नियम आला, आणि सगळ्या नियमांत मला तो सर्वांत आवडतो. दोन्ही इंजिनांवरचं एकसारखं काम एकाच मेकॅनिकने एकाच वेळी करायचं नाही. यात त्या मेकॅनिकवर अविश्वास नाही. माणूस चुकतो एवढंच त्यात धरलं आहे. चुकला तर ती चूक एकाच इंजिनापुरती राहावी. म्हणजे सुरक्षितता संख्येत नसते, एकाचं दुखणं दुसऱ्याला न लागण्यात असते.

तुम्ही म्हणाल, हा विमानांची वकिली करतोय. तर दुसरी बाजूही सांगतो. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक ७३७ कोसळलं. डावं इंजिन बिघडलं होतं आणि वैमानिकांनी घाईत उजवं, म्हणजे चांगलं, बंद केलं. नेमका त्याच वेळी हादरा कमी झाल्यासारखा वाटला, म्हणून चूक लक्षात आली नाही. १२६ पैकी ४७ माणसं गेली. आणि चटका लावणारी गोष्ट अशी की कॅप्टनने उजवं इंजिन म्हटलेलं ऐकूनही, डाव्या बाजूला ठिणग्या पाहणाऱ्या प्रवाशांपैकी कोणी बोललं नाही. त्यांना वाटलं, पुढे बसलेल्यांना कळत असेलच. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या एका विमानात इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं, त्याच्या तुकड्यांनी खिडकी फुटली आणि एक प्रवासी दगावली. तेव्हा 'काही होत नाही' असं मी कोणालाच सांगणार नाही. एक इंजिन गेल्यावर विमान उडतं हे खरं, पण ते शांत डोक्याच्या माणसांच्या हातात उडतं. म्हणूनच कोणतं इंजिन बंद करायचं ते एकाने म्हणायचं, दुसऱ्याने बघून खात्री करायची आणि मगच हात लावायचा, असं आज शिकवतात. आधी विमान सांभाळा, मग वाट ठरवा, मग बोला. घाई नाही.

आता माझा तो प्रश्न. दुसरं इंजिन चालू होतं तर मुंबईला का नेलं नाही?

२००५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश एअरवेजच्या एका ७४७ चं एक इंजिन लॉस एंजेलिसहून उडता उडताच गेलं. उरलेल्या तिघांवर ते विमान तसंच लंडनकडे निघालं आणि शेवटी इंधनाच्या काळजीने मँचेस्टरला उतरलं. त्यावर बराच वाद झाला. चार इंजिनांच्या विमानाला असा विचार करायची मुभा असते. दोन इंजिनांच्या विमानाला नसते. एक गेलं की वेळेच्या हिशोबाने जवळ असेल त्या योग्य विमानतळावर उतरायचं, बस्स. कारण आता हाताशी एकच आहे, आणि त्या एकाच्या भरवशावर कोणाच्याही घाईचं ओझं टाकायचं नाही. माझ्याही नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं एक ए३३० टोरांटोहून लिस्बनला जाताना इंधनगळतीने अटलांटिकवर दोन्ही इंजिनं गमावून बसलं. त्या गळतीची सुरुवात देखभालीतल्या चुकीतून झाली होती, पुढे वैमानिकांचीही चूक झाली. पण पहिलं इंजिन बंद पडायच्या आधीच त्यांनी विमान लाजेशकडे वळवलं होतं. म्हणून शेवटची १९ मिनिटं इंजिनाशिवाय तरंगत ते धावपट्टीपर्यंत पोचू शकलं. ३०६ माणसं वाचली. "बघू या, जाईल बहुतेक" म्हणत ते सरळ पुढे गेले असते तर?

म्हणून माझं मत असं झालं आहे की वाटेत उतरलेलं विमान म्हणजे फसलेला प्रवास नव्हे. तो त्या प्रवासाचाच, आधीपासून आखलेला भाग असतो. आपण मात्र त्याला 'नामुष्की' म्हणतो, 'थोडक्यात बचावले' असे मथळे देतो, काउंटरवरच्या पोरीला फैलावर घेतो. कंपन्यांनी खोळंबलेल्या माणसांची नीट सोय केलीच पाहिजे, त्यात सूट नको. त्याबद्दल जरूर भांडावं. पण उतरल्याबद्दल भांडू नये. थांबणाऱ्या माणसाला आपण प्रत्येक वेळी आरोपी केलं, तर एक दिवस तो थांबायला कचरेल. आणि तो दिवस आपल्यालाच महागात पडेल.

हे मला कोणी शिकवायची खरं तर गरज नव्हती. अण्णांचं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. नदीकाठच्या मळ्यांत पाणी उपसायला जी इंजिनं असत, ती ते बघायला जात, आणि सुट्टीत मी सायकलवर मागे बसून जायचो. आवाज जरा बदलला की अण्णा आधी इंजिन बंद करायचे. मळेवाला कुरकुरायचा, उसाला पाणी द्यायचं आहे, अजून अर्धं शेत राहिलंय, चालतंय तोवर चालू द्या की. अण्णा हात पुसत म्हणायचे, "बंद केलेलं इंजिन उद्या चालू होतं. जाम झालेलं होत नाही."

त्या रात्री बुखारेस्टला मी त्या मळेवाल्यासारखा बोलत होतो. अण्णा तिथे असते तर त्या मुलीच्या बाजूने उभे राहिले असते, याची मला खात्री आहे. त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही ही खंत आहे, ती राहणारच. ती कोणत्या नियमाने भरून निघत नाही. पण तिचा राग मी आता कोणावर काढत नाही.

वहिनीला सांगितलं, चार इंजिनांची विमानं अजून उडतात थोडीफार, पण ए३८० चं उत्पादन २०२१ मध्ये संपलं, ७४७ चं शेवटचं विमान २०२३ च्या जानेवारीत दिलं गेलं. पोराला पुढे आयुष्यभर दोन इंजिनांवरच जायचं-यायचं आहे. खुशाल तिकीट काढ. फक्त कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पोचेल असं काढू नको, तीनचार दिवस हाताशी ठेव. आणि विमान मध्येच कुठे उतरलं, तर त्याला आत्ताच सांगून ठेव, की तिथे जी कोणी मुलगी समोर उभी असेल, तिच्यावर ओरडायचं नाही.

"बरं," वहिनी म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि सामान किती किलो नेता येतं हो?"